नाव न घेणारे काका

घर दाखवताना त्यांनी अटी सांगितल्या त्या अशा : मांसमच्छी चालेल, पाहुणे चालतील, भिंतीला खिळे ठोकलेत तरी चालेल.

"फक्त शपथ घ्यायची नाही. देवाची नाही, आईची नाही, कुणाच्या गळ्याची नाही. ह्या घरात शपथ चालत नाही."

मला हसू आलं. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, विचारलं, "आणि चुकून तोंडातून गेली तर?"

"तर मी उठून जातो. तुम्हाला काही म्हणत नाही."

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. सुधीरची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, सांगलीबाहेर मी पहिल्यांदाच पडले होते, आणि बनी पार्कातल्या त्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला तो केवळ मराठी असण्याच्या जोरावर. घरमालकांनी महाराष्ट्र मंडळात निरोपच ठेवला होता की भाडेकरू मराठीच हवा. का, तर म्हणे, "वरून मराठीत भांडण ऐकू आलं की घर भरल्यासारखं वाटतं." आम्ही त्या बाबतीत त्यांना कधी निराश केलं नाही.

ते खाली एकटेच राहत. सत्तरी ओलांडलेली, स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले, उंच, थोडे वाकलेले, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी त्यांना काका म्हणायचे. ते बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. हे लोक कोकणात किती पिढ्या आहेत ते कुणाला सांगता येत नाही. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. काकांचं गाव अलिबागकडचं, आडनाव गावावरून पडलेलं. बोलण्यात तिकडचा 'गो' होता. बायको वारली होती. दोन्ही मुलगे इस्राएलात, वाळवंटाच्या कडेला कुठल्याशा गावात. ते दर शुक्रवारी दुपारी फोन करायचे आणि बाप तिकडे कधी येणार ते विचारायचे. काका म्हणायचे, "बघू." फोन ठेवला की मला म्हणायचे, "ह्यांचं मराठी बघ कसं झालंय. 'बाबा, तू कधी येतोस' म्हणून विचारतो मला, बापाला!" विचारलेल्या प्रश्नाबद्दल मात्र काही बोलायचे नाहीत.

शपथेचं त्यांचं खूळ घरापुरतं नव्हतं. सकाळी गल्लीत भाजीची गाडी यायची. भाजीवाला नवा असला की हमखास म्हणायचा, "बाबूजी, भगवान कसम, खरीद ही इतने की है." काका त्याच क्षणी पिशवीतली भाजी एकेक करून गाडीवर परत ठेवायचे. दोडके दोडक्यांत, टोमॅटो टोमॅटोंत. मग नुसतेच घरात जायचे. भाजीवाला माझ्याकडे बघायचा. मी काय सांगणार? त्या दिवशी काकांची भाजी मी घ्यायची आणि खाली देऊन यायची. हळूहळू गाडीवाल्यांना कळलं. एक जण तर दुसऱ्याला बजावताना मी ऐकला, "इस मकान के आगे कसम मत खाना, पूरा माल वापस जाता है."

दुसरं म्हणजे ते कधी वचन देत नसत. "काका, संध्याकाळी जेवायला या." "येईन. शब्द देत नाही." "नळवाल्याला बोलावलंत का?" "उद्या येईल. शब्द देत नाही." पहिले काही दिवस मला हे तुसडेपणाचं वाटलं. पुढे मला मलेरिया झाला, सुधीर नेमका दौऱ्यावर, आणि खालून काका म्हणाले, "पेज करून आणीन गो, शब्द देत नाही." मी बरी होईपर्यंत त्यांची पेज एकही वेळ चुकली नाही. नारळ जयपुरात धड मिळत नाही, तरी कुठून तरी पैदा करून त्यांनी त्यात नारळाचं दूध घातलेलं असे. शब्द दिला नाही म्हणून सांगितलेलं एकही काम त्यांनी मोडल्याचं मला आठवत नाही.

आणि तिसरं, ते कुठल्याच देवाचं नाव घेत नसत. जयपुरात हे भारी अवघड. दूधवाला 'राम राम सा' म्हणणार, शेजारचे माहेश्वरी 'जय श्रीकृष्ण' म्हणणार, रिक्षावालासुद्धा देवाचं नाव घेतल्याशिवाय किक मारणार नाही. काका सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, हात कपाळाला लावून, "हां जी, हां जी." माहेश्वरींचा समज असा होता की रेल्वेत राहून राहून माणूस नास्तिक झाला. पण नास्तिक माणूस लग्नपत्रिका उचलत नाही. लग्नाचा मोसम संपला की गल्लीच्या कोपऱ्यावर पत्रिकांचा ढीग पडायचा, वर सोनेरी गणपती, खाली कुलदेवतेचं नाव. काका काठीने तो ढीग उसकटायचे, नाव असलेला भाग फाडून घ्यायचे आणि जवळच्या देवळातल्या पुजाऱ्याला नेऊन द्यायचे. पुजारी वैतागायचा. म्हणायचा, "बाबूजी, आपके तो भगवान भी नहीं हैं ये." काका म्हणायचे, "नाम तो है."

ह्या सगळ्याचा खुलासा त्यांनी एकदाच केला, तोही मी नाव घेतलं म्हणून.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जयपुरात त्या दिवशी आभाळात जागा नसते, इतके पतंग. माझ्याकडे मंडळातल्या बायका जमल्या होत्या, आणि मी नवी सून म्हणून सगळ्या मागे लागल्या, नाव घे, नाव घे. मी घेतलं :

"हवामहालाच्या खिडकीतून वारा येतो गार,
सुधीररावांचं नाव घेते, आग्रह झाला फार."

बायका खिदळल्या. खाली अंगणात काका तुटून पडलेल्या पतंगांचा मांजा गुंडाळत बसले होते. दुसऱ्या दिवशी तिळगूळ द्यायला गेले तर म्हणाले, "काल नाव घेतलंस ते ऐकलं. लाजलीस का गो?"

"थोडी. खरं तर मी एरवी त्याला सुधीरच म्हणते, काका. अरे-तुरे करते."

"तू करतेस. तुझी आजी आजोबांना काय म्हणायची?"

"आजी? 'अहो' म्हणायची. नाहीतर 'इकडून येणं झालं का' असं काहीतरी."

"नाव घ्यायची नाही. का? माहीत नव्हतं?"

"माहीत नसेल कसं? पण... घ्यायची नाही."

"मग झालं. आम्ही देवाला 'अहो' म्हणतो." ते मनापासून हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

मग त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. त्यांच्या धर्मात देवाचं एक नाव आहे, चार अक्षरांचं. योद, हे, वाव, हे. त्यांनी ती अक्षरं सांगितली, पण जोडून म्हटली नाहीत. ते नाव लिहितात, वाचतात, पण उच्चारत नाहीत. जुन्या काळी त्यांचं एकच मोठं देऊळ होतं तेव्हा वर्षातून एका दिवशी मुख्य पुजारी ते मोठ्याने म्हणायचा आणि लोक जमिनीवर पालथे पडायचे. देऊळ पडलं, पुजारी गेले, आणि ते म्हणायचं कसं हेसुद्धा हरवलं.

"अर्थ काय त्याचा?" मी विचारलं.

"'असणं' म्हणतो ना आपण, त्यातलं काहीतरी. होता, आहे, असेल, तिन्ही एका शब्दात. मराठीत तसा शब्द नाही. मी पुष्कळ शोधला."

"मग प्रार्थनेत ते नाव आलं तर काय करता?"

"त्या जागी 'अदोनाय' म्हणायचं. म्हणजे 'माझे धनी'. ते फक्त प्रार्थनेत. एरवी बोलताना तेही नाही, 'हाशेम' म्हणायचं. हाशेम म्हणजे नुसतं 'नाव'. 'नावाची कृपा', 'नावाला माहीत'. असं."

मला ते फार आवडलं. पण एक गोष्ट खटकली. रोज सकाळी जिन्यात उभं राहिलं की त्यांची प्रार्थना वर ऐकू यायची, आणि ती अडखळत चालायची. दोन-तीन शब्द, मग गप्प. पुन्हा शब्द, पुन्हा गप्प. रेडिओचं स्टेशन मधेच जावं तशी. मला वाटायचं म्हातारपणी आठवत नसेल.

"काका, पण तुम्ही मधे मधे थांबता. तिथे 'अदोनाय' म्हणताना मी कधी ऐकलं नाही."

त्यांनी तिळगुळाचा डबा बंद केला. "बाकीचे म्हणतात," ते म्हणाले. "मी थांबतो." आणि उठून आत गेले. मी शपथ घेतल्यासारखे.

दर गुरुवारी ते आमेरला जायचे. सकाळी शहरात जाऊन आमेरची बस पकडायची आणि दुपारी जेवायला परत. आमेरला किल्ला आहे, हत्ती आहेत, जगभरचे लोक बघायला येतात. पण जयपुरात राहणारा माणूस दर आठवड्याला तिथे काय बघणार? सुधीर म्हणायचा, "काकांचं तिकडे काहीतरी जमलेलं दिसतंय." मी त्याला गप्प करायची, पण हसायचीही.

पुढच्या आश्विनात, त्यांच्या उपासाच्या दिवसाआधी, एक तरुण त्यांना शोधत आला. बेने इस्राएल त्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणतात. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्न-पाणी काही नाही, आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. बनी पार्कात स्टेशन जवळ असल्यामुळे गेस्टहाउसं बरीच, आणि त्यांत लष्करातली नोकरी संपवून भटकायला निघालेली इस्राएली मुलं उतरायची. हा त्यांच्यातला. विशीतला, उंच, दाढी वाढलेली. गेस्टहाउसच्या मालकाने त्याला सांगितलं होतं की पलीकडच्या गल्लीत तुमच्यातले एक बाबूजी आहेत.

मी तेव्हा खाली वाळवण घालत होते. तो इंग्रजीत बोलत होता. त्याचे वडील गेल्या वर्षी ह्याच सुमारास वारले होते. त्यांच्यासाठी त्याला एक प्रार्थना म्हणायची होती आणि ती म्हणायला दहा पुरुष लागतात, त्याहून कमी चालत नाहीत. गेस्टहाउसांतून फिरून त्याने स्वतःला धरून नऊ जमवले होते. दहावा हवा होता. फक्त उभं राहायचं, थोडाच वेळ.

काका म्हणाले, "नाही."

त्याला वाटलं ह्यांना ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. काका म्हणाले, "दुसरा कुणी बघा."

"जयपुरात दुसरा कुणी नाही."

"मग मीही नाही असं समजा. मला धरलंत तरी तुम्ही नऊच होता."

 त्या मुलाने हाताच्या पंजाने डोळे पुसले, मला उगाचच 'सॉरी' म्हणाला आणि गेला. माझा संताप झाला. पाहुणा दारात येऊन बापाच्या नावाने मागणं मागतो आणि हा माणूस त्याला हाकलतो! मी म्हणाले, "काका, काय बिघडलं असतं? नुसतं उभं तर राहायचं होतं."

ते खाटेवर बसले होते. चेहरा पार उतरला होता. "त्या प्रार्थनेत काय आहे माहीत आहे? मेलेल्याचं नाव नाही त्यात, मरणाचा शब्द नाही. नुसतं 'त्याचं नाव मोठं होवो, त्याचं नाव पवित्र होवो.' आणि त्यावर दहा जणांनी 'आमेन' म्हणायचं. मी म्हणू? त्या पोराच्या बापाच्या माथी माझं आमेन मारू?"

मला काही कळलं नाही. ते खाली मान घालून म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर आमेरला येशील? एकटा गेलो की मी चहा पिऊन परत येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बस पकडली. जलमहाल गेला, घाट चढून बस आमेरला उतरली, तोवर ते पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते. बाजारात एका चहाच्या दुकानाशी आम्ही बसलो. दुकानदाराने न विचारता त्यांच्यासमोर चहा ठेवला. समोर एक बोळ होता. त्या बोळाकडे बघत त्यांनी मला सगळं सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

तरुणपणी ते एका लहान स्टेशनावर असिस्टंट मास्तर होते. स्टेशनापुढे एक फाटक. गाडी सोडण्याआधी फाटकवाल्याला फोन करायचा, त्याने फाटक बंद केल्याचं सांगितलं की मगच सिग्नल द्यायचा. रोजचं काम. एके दिवशी ते फोन करायचे विसरले. मोठा मुलगा तापाने फणफणला होता, रात्रभर झोप नव्हती, कारण काहीही असो. सिग्नल दिला. फाटक उघडं होतं. देवदर्शनाहून परतणारी बायकांची ट्रॅक्टर-ट्रॉली रुळांवर होती.

चौकशी झाली, खटला झाला. फाटकवाला म्हणत होता फोन आलाच नाही. काका म्हणत होते, मी केला, ह्याने फाटक बंद आहे म्हणून सांगितलं. तिसरं कुणी तिथे नव्हतं.

"मग मी तिसरा साक्षीदार उभा केला," काका म्हणाले. "कोर्टात शपथ देणाऱ्याने विचारलं, तुमचं पुस्तक कुठलं? मी म्हटलं, पुस्तक नको. खिशातून टोपी काढली, डोक्यावर घातली, आणि त्याचं नाव घेऊन सांगितलं. अदोनाय म्हटलं मी. जेवढं तोंडाने म्हणायची आम्हाला मुभा आहे तेवढं सगळं तिथे घातलं. मॅजिस्ट्रेट सरळ होऊन बसले गो. त्यांना वाटलं असेल, देवभोळा माणूस, हा खोटं कशाला बोलेल? फाटकवाल्याने पण गीतेवर हात ठेवून सांगितलं होतं. पण त्याचे हात थरथरत होते, आणि माझे थरथरत नव्हते."

फाटकवाला तुरुंगात गेला. नोकरी गेली. काका पुढे मास्तर झाले, निवृत्त होताना हार घालून घेतला. बायकोला ठाऊक होतं; ती मरेपर्यंत त्यांना म्हणत होती, मुलांकडे जाऊ या. ते म्हणायचे, त्या देशात मी कुठल्या तोंडाने जाऊ? निवृत्तीनंतर त्यांनी फाटकवाल्याचा पत्ता काढला. बन्सीलाल आमेरला राहत होता, समोरच्या बोळात. म्हणून जयपूर. म्हणून गुरुवार.

"आमच्यात माफीचा नियम आहे," ते म्हणाले. "वरच्याचं वरच्याकडे मागायचं, माणसाचं माणसाकडे. माणसाने सोडल्याशिवाय तो सोडत नाही. मी इतकी वर्षं इथे येऊन बसतो आणि उठून जातो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली; जणू मीच कोर्टात टोपी घालून उभी राहिले होते. आणि त्यांच्या थांबण्याचं, नाव न घेण्याचं मला जे कौतुक वाटत आलं होतं, त्याचं काय करायचं ते कळेना.

मी म्हणाले, "चला."

बोळाच्या टोकाला घर होतं. अंगणात म्हैस, कडबा, आणि जाड चष्मा लावलेला एक म्हातारा खाट विणत बसलेला. आम्ही दारात थांबलो. 

"आइए," बन्सीलाल हातातली दोरी न सोडता म्हणाला. "पहचानता हूँ. आप नुक्कड़ पर चाय पीते हैं. आप बैठे हों तो मैं पीछे से निकल जाता हूँ."

"पीछे से?" काका म्हणाले. "क्यों?"

"मुझे लगा आप देखने आते हैं कि मैं किसी से कुछ बोलता तो नहीं हूँ."

काकांनी दाराची चौकट धरली. मी घाईने त्यांना खाली बसवायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. उभ्यानेच, तुटक तुटक, त्यांनी सांगितलं की माफी मागायला आलोय. फोन केला नव्हता. तू खरं बोलत होतास.

बन्सीलालने सगळं ऐकून घेतलं. "मुझे क्या बता रहे हो? मैं तो जानता हूँ कि नहीं किया था," तो म्हणाला. "वहाँ तो सबके सामने बोले थे. यहाँ अकेले में क्यों?" आणि त्याने हाक मारली. आतून त्याची बायको आली, मुलगा-सून आले. मुलाने शेजारपाजारच्या दोन-तीन घरांतून माणसं बोलावली. अंगण भरलं. "अब बोलो. जैसे उस दिन बोले थे, वैसे."

"कसम के साथ?" काकांनी विचारलं.

"वैसे ही."

आता हे उठून जाणार, असं मला वाटलं. त्यांचा हात खिशापाशी गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी टोपी काढली, नीट उलगडून डोक्यावर घातली. हात इतका थरथरत होता की ती एकदा खाली पडली. सुनेने उचलून दिली. आणि ते मोठ्याने म्हणाले, "अदोनाय." अंगणातल्या कुणाला त्याचा अर्थ कळला नसणार. "उनके नाम से कहता हूँ. मैंने फाटक पर फोन नहीं किया था. मैंने सिग्नल दे दिया. कोर्ट में मैंने झूठ बोला. इस आदमी ने कुछ गलत नहीं किया था. कुछ भी नहीं."

 मग मुलगा म्हणाला, "स्कूल में हमको 'फाटकवाले के' बोलते थे. कोई हमारे साथ खाना नहीं खाता था." त्याला आणखी बोलायचं होतं, पण त्याने मान वळवली. बन्सीलाल पुन्हा खाट विणायला लागला. दोरी त्याला सापडत नव्हती. दोन-तीनदा त्याने चुकीच्या घरातून ओवली, मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

बोलली ती त्याची बायको. पदर कपाळापर्यंत ओढलेली, अगदी बारीक, म्हातारी.

"इनका तो बोल दिया. और वो लुगाइयाँ?"

काका तिच्याकडे वळले.

"जो ट्रॉली में थीं. मेरे पीहर की थीं सब. मैं रोने गई तो मुझे दरवाजे से निकाल दिया, कि तेरे आदमी ने मारा है. मैं आज तक अपने पीहर नहीं जाती." ती पुढे आली. "नाम जानते हो उनके?"

काकांनी मान हलवली. नाही.

"गुलाब," ती म्हणाली. "भँवरी. सुगना, मेरी मौसी की बेटी. और केसर. केसर के पेट में बच्चा था."

काका तिच्यामागून म्हणाले, "गुलाब. भँवरी. सुगना. केसर." लहान मुलासारखे. ती थांबली होती, ते पुन्हा म्हणाले. त्यानंतर आम्हाला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. आम्ही निघालो. बन्सीलालने माफ केलं की नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते एकदाच बोलले. "वरच्याचं नाव जपत बसलो गो. त्याच्या नावाला काय धाड भरली होती? ह्यांची नावं मी कुणाला विचारलीसुद्धा नाहीत."

उपासाच्या दिवशी खालची दारं बंद होती. मी जिन्यात गेले नाही. मला कान द्यायची लाज वाटली.

त्यानंतर ते त्या चौघींच्या गावाला गेले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. आले ते चार दिवसांनी, शर्ट मळलेला, एक बाही फाटलेली. मी पेज घेऊन खाली गेले. त्यांनी सावकाश सांगितलं. गुलाबच्या घरी तिचा म्हातारा दीर होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. भँवरीच्या मुलाने गचांडी धरून गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेलं. सुगनाच्या घरच्यांनी ऐकलं, आणि बन्सीलालच्या बायकोला माहेरी बोलवायला आम्ही माणूस पाठवतो, एवढंच म्हणाले. पुढे तो माणूस खरंच आमेरला गेला, हे मला त्यांच्याचकडून कळलं.

दोन वर्षांनी आमची बदली झाली. काका जयपुरातच राहिले आणि जयपुरातच गेले. मुलगे आले होते, असं माहेश्वरींनी फोनवर सांगितलं. मला मात्र ते आठवतात ते त्या दिवशीचे, पेजेची वाटी मांडीवर घेऊन बसलेले.

"आणि केसरच्या घरी?" मी विचारलं होतं.

"तिथे कुणीच नाही. नवरा तेव्हाच घर सोडून गेला, कुठे ते गावात कुणाला ठाऊक नाही. भिंती पडल्यात."

"मग?"

"आमच्यात माणूस मेला असेल तर त्याच्या कबरीवर जाऊन माफी मागतात. तिला कबर पण नाही." त्यांनी वाटी खाली ठेवली. "पडक्या घरासमोर बराच वेळ उभा राहिलो. मग शेवटची बस होती, तिने आलो. तेवढं राहिलं."